गुफेचा व्हिडिओ चालला आणि गुफेचं वाटोळं झालं. लोकेशन द्यावं की नाही?

अंधारयात्री

नमस्कार मंडळी. खूप दिवसांपासून इथं नुसतं वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नागपूरचा, मानेवाड्याकडे राहतो. आठवडाभर नोकरी आणि रविवारी गुफा. तीन वर्षं झाली, सातपुड्याच्या अलीकडच्या डोंगरांत ज्या लहानमोठ्या गुफा आहेत त्यांचे व्हिडिओ करतो. चॅनेल लहानच आहे. गेल्या दिवाळीच्या आधी एक व्हिडिओ टाकला. शहरापासून गाडीने अडीच-तीन तासांवरची गुफा, नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तोंड एवढंसं, पोटावर सरपटत आत गेलं की दहाबारा पावलांवर छत एकदम उंच होतं आणि छताला वटवाघळं, इतकी की टॉर्च वर केला की छतच हलतंय असं वाटायचं. मी व्हिडिओत गावाचं नाव सांगितलं, कोणत्या वळणावर गाडी लावायची ते सांगितलं, खाली पिनही टाकला. मला वाटलं आपल्या विदर्भात काय काय आहे ते आपल्याच लोकांना माहीत नाही, कळू दे.

दिवाळीच्या सुट्टीत व्हिडिओ चालला. माझे बाकीचे दोन-चार हजारांवर थांबतात, हा दोन लाखांच्या वर गेला. घरी पेढे आणले होते मी.

गेल्या रविवारी परत गेलो. तोंडाशीच पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. आत भिंतीवर ऑइलपेंटने नावं, बाण लागलेली बदामं, एका वर्षाची पूर्ण बॅच. कोणीतरी मशाली पेटवल्या असतील, छतावर काजळीचा काळा पट्टा. आणि मोठ्या दालनात वटवाघळं नाहीत. कोपऱ्यात वीसेक दिसली फक्त. बाहेर येऊन बसलो तर गावातले एक आजोबा बकऱ्या घेऊन आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच हायेस ना थो व्हिडिओवाला पोट्टा? आता दर आयतवारी गाड्या येऊन राह्यल्या." रागावले नव्हते. त्यांनी मला पाणी पण दिलं. त्याचंच जास्त लागलं.

तर प्रश्न असा की व्हिडिओ काढून टाकू का? नुसतं लोकेशन काढून उपयोग आहे का आता? आणि इथून पुढे व्हिडिओ करायचेच नाहीत का? खरंखरं सांगा.

निंबूसरबत

पिन आज काढा. बाकीचा विचार उद्या.

निवांत_धरमपेठ

थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. गुफा कोणाच्या मालकीची नाही. तुम्हाला ती सापडली कारण तुम्हालाही कोणीतरी सांगितलीच ना? मग तुम्ही पाहायची, मस्त शूट करायची, आणि आम्ही घरी बसून फक्त मोबाईलवर बघायची, हे मला पटत नाही. ज्यांची ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये ओळख आहे त्यांनाच लोकेशन मिळणार, आणि साधा माणूस पोरांना घेऊन एक दिवस फिरायला जाऊ म्हणेल तर त्याला नाही. घाण करणाऱ्यांना दंड करा, सगळ्यांना दार बंद कशाला?

पाटणसावंगीकर

@निवांत_धरमपेठ, दंड करणार कोण पण? तिथे चौकीदार आहे का, कुंपण आहे का? जिथे कोणी बघायला नाही तिथे दंड म्हणजे बोलाचीच कढी.

भाऊ पिन काढाच.

वटवाघूळ_वही

मी वटवाघळांवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कीटक खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. एकच. उंदरासारखं नाही की यंदा मेली तर पुढच्या महिन्यात पुन्हा दहा. त्यामुळे एखादी वस्ती एका हंगामात उठली तर ती भरून यायला बरीच वर्षं लागतात, कधी भरतच नाही. आपल्या भागातल्या पुष्कळ जातींची पिल्लं साधारण उन्हाळ्याच्या शेवटी ते पाऊस सुरू होईपर्यंत होतात. तेव्हा माद्या एका उबदार दालनात गर्दी करून राहतात. त्या वेळी कोणी आत जाऊन ओरडलं, जोरदार लाइट मारला तर माद्या घाबरून उडतात आणि पिल्लं खाली पडतात. खाली पडलेलं पिल्लू बहुधा मरतंच.

तुमच्याकडे गर्दी दिवाळीत झाली. म्हणजे पिल्लं उडायला लागलेली असणार, तेवढं बरं झालं. मशालीचा धूर हे उठण्याचं मोठं कारण वाटतं मला. पण वीस शिल्लक आहेत म्हणता ना, मग आशा आहे. वस्त्या कधीकधी जवळच्या दुसऱ्या फटीत सरकतात आणि शांतता झाली की परततात.

तुमच्यासाठी पण एक. वटवाघळांच्या विष्ठेच्या कोरड्या धुळीत एक बुरशी असू शकते, ती श्वासातून गेली की फुप्फुसाचा आजार होतो, हिस्टोप्लाज्मोसिस म्हणतात. साधा रुमाल बांधून जाऊ नका, एन-९५ मास्क लावा. आणि एका गुफेतले बूट, कपडे न धुता दुसऱ्या गुफेत नेऊ नका. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यात वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली, तिच्यामुळे तिथे लाखो वटवाघळं मेली. तिकडे गुफेत जाणाऱ्यांना आता कपडे, दोर सगळं निर्जंतुक करायला सांगतात.

निंबूसरबत

वर्षाला एकच पिल्लू! हे खरंच माहीत नव्हतं. शाळेत "सस्तन प्राणी" एवढंच पाठ केलं होतं.

मोर्शीवाला

ताई एक शंका. आमच्याकडे सालबर्डीला महादेवाच्या गुफेत शिवरात्रीला एवढी जत्रा भरते, पिढ्यानपिढ्या लोक जाऊन राहिले. मग तिथं काय?

वटवाघूळ_वही

@मोर्शीवाला, जिथे कायम वर्दळ असते तिथे वटवाघळं बहुतेक आधीच वस्ती करत नाहीत, किंवा माणसं पोचत नाहीत अशा आतल्या फटी धरतात. जत्रा ठराविक दिवशी असते, वाट ठरलेली असते, हेही आहे. आजवर जिथे कोणी जात नव्हतं तिथे अचानक दर रविवारी शंभर माणसं, हा फरक मोठा आहे.

दगडधोंडे

अंधारयात्री, तुमचं लिखाण वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. माझी नोकरीची तीस वर्षं दगड बघण्यात गेली, आता निवृत्त आहे.

विदर्भात गुहा कमी का, हे तुमच्या एखाद्या व्हिडिओत सांगा. लोकांना ते कळलं तर किंमत कळेल. नागपूर दोन जगांच्या सीमेवर बसलंय. शहराच्या पश्चिमेला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो थेट मुंबईपर्यंत गेलाय. पूर्वेला त्याहून फार जुने खडक. उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म, त्या थराला जगभर कामठीच्याच नावाने ओळखतात. मोठ्या लांबलचक गुहा बहुतेक चुनखडीत होतात. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, आणि चुनखडी हळूहळू विरघळवत नेतं. बेसॉल्ट असा विरघळत नाही. त्यात गुहा झाली तर बहुधा वरचा कठीण थर टिकून खालचा मऊ थर झिजल्यामुळे, किंवा लाव्हा वाहून गेल्यावर राहिलेल्या पोकळीमुळे. पचमढीच्या गुहा वालुकाश्मातल्या. चुनखडी म्हणाल तर आपल्याकडे कोरपना-राजुऱ्याकडे आहे, सिमेंटचे कारखाने तिकडे का गेले हे त्यावरून समजेल.

आता वेळेचं बघा. चुनखडीच्या गुहेत छतावरून लोंबणारा लवणस्तंभ वर्षाला साधारण एक मिलिमीटरचा दहावा भाग वाढतो. म्हणजे एक सेंटिमीटरला शंभर वर्षं. आठवण म्हणून कोणी बोटभर तुकडा मोडून नेतो तेव्हा तो सातआठशे वर्षं खिशात घालतो. नुसता हात लावला तरी त्वचेचं तेल लागतं आणि तिथे पाणी नीट चिकटत नाही, वाढ बिघडते.

नावं लिहिण्याबद्दल. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली चित्रावरच आपलं नाव कोरलं. दोनशे वर्षं होऊन गेली, अजून आहे. तुमच्या गुहेतलं ऑइलपेंट पण तसंच राहील. घाईघाईत तारेच्या ब्रशने घासू नका, दगडाचा वरचा पापुद्रा निघतो. आधी कोणा जाणकाराला दाखवा.

पाटणसावंगीकर

काका दहावीला भूगोल तुम्ही शिकवला असता तर मी सायन्स सोडून तिकडे गेलो असतो.

कोथरूडात_नागपूर

अवांतर: काका गुहा म्हणतात, धागाकर्ता गुफा. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली पण माझ्या तोंडात अजून गुफाच येतं, ऑफिसात सगळे हसतात. आणि तिसरा शब्द लेणी. माझा एक मित्र भद्रावतीच्या विजासनला जाऊन आला आणि सांगत होता "नैसर्गिक गुहा पाहिली". अरे बाबा, ते लेणं आहे, माणसाने छिन्नी-हातोडीने कोरलेलं!

दगडधोंडे

बरोबर. कोरलेलं ते लेणं. गुहा आणि गुफा दोन्ही चालतात, भांडू नका.

मांडव_शूटर

मी लग्नाचे शूट करतो, गुफेत फक्त दोनदा गेलो, पण लाइटचं सांगतो कारण धागावाल्या भाऊंचा व्हिडिओ मी पाहिलेला आहे (सांगत नाही कोणता).

भाऊ तुमचा लाइट कॅमेऱ्याच्या डोक्यावरच आहे, त्यामुळे सगळं सपाट दिसून राहिलं, गुफा आहे की पांढरी भिंत ते कळत नाही. लाइट कॅमेऱ्यापासून दूर न्या. एक माणूस पुढे उभा करा आणि त्याच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा लाइट ठेवा, मग त्याची कड उजळते, मागची पोकळी किती मोठी आहे ते डोळ्याला समजते. माणूस फ्रेममध्ये असलाच पाहिजे, नाहीतर दहा फुटाचं दालन आणि शंभर फुटाचं दालन सारखंच दिसते. दुसरा लाइट बाजूने, भिंतीला घासून जाईल असा, मग दगडाचा खडबडीतपणा उठतो. हेडलॅम्पवाल्यांना सांगायचं की कॅमेऱ्याकडे तोंड करू नका, दर शॉटला पांढरा भपका येतो त्याचं कारण तेच.

फोकस ऑटोवर ठेवू नका, अंधारात तो शोधतच राहतो. काच धुरकट होते ते दमटपणामुळे. बाहेरून किंवा एसी गाडीतून कॅमेरा काढला की लगेच सुरू करू नका, पिशवीतच पंधरावीस मिनिटं राहू द्या, आतल्या हवेशी जुळू द्या.

आणि आवाज! तुम्ही आत पूर्ण वेळ बोलत राहता आणि मागून बासरीचं म्युझिक. एकदा सगळ्यांना गप्प बसवा, एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करा. पाणी टपकते तो आवाज, स्वतःच्या श्वासाचा आवाज. ते एक मिनिट व्हिडिओत टाका, लोक हेडफोन लावून ऐकतील.

अंधारयात्री

@मांडव_शूटर, खूप खूप आभार. म्युझिक काढतो. माणूस पाठमोरा आणि मागे लाइट, हे मी कधी केलंच नव्हतं.

@वटवाघूळ_वही, लाइट कमी ठेवला तर चालेल का की आतच जायचं नाही?

वटवाघूळ_वही

लाल लाइट त्यांना कमी त्रास देतो असा अनुभव आहे, पण पिल्लांच्या दिवसांत आत नाहीच जायचं. त्यापेक्षा संध्याकाळी तोंडाशी बाजूला बसा, ती बाहेर पडतात तेव्हा शूट करा. दृश्य पण त्याहून सुंदर मिळेल.

सक्करदऱ्याची_काकू

माझंही थोडं. आम्ही पचमढीजवळच्या नागद्वारीला जातो, नागपंचमीच्या आधी. नागपुरातून, अख्ख्या विदर्भातून माणसं जातात, ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. एरवी ते जंगल बंद, वर्षातून थोडेच दिवस वाट उघडते. धूपगडाकडून चालायला लागलं की पाऊस, चिखल, लोखंडी शिड्या, आणि "हर बोला महादेव" चा गजर. मी चार वेळा केली. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी.

शेवटच्या वेळेला गुफेत आम्ही बायका एकामागे एक, वाकून, हात पुढच्याच्या पाठीवर. पुढे एका पोराने मोबाईल काढला आणि थांबला. पाच मिनिटं नुसता थांबला, मागे पन्नास माणसं त्या अरुंद जागेत. माझ्या मागची एक म्हातारी घाबरली, तिला श्वास लागेना. आम्ही तिला खाली बसवून पदराने वारा घातला. पोराला कळलं पण नव्हतं मागे काय झालं ते, नंतर रडत माफी मागितली त्याने, वाईट पोरगा नव्हता. पण मोबाईलमध्ये बघणाऱ्याला मागचं दिसत नाही हे मी तेव्हा पाहिलं.

अंधारयात्री बाळा, तू परत गेलास आणि पाहिलंस हेच मोठं आहे. आजोबांकडे परत जा. त्यांना विचार काय करायचं ते.

हलबीचौक

काकू 🙏

पचमढीच्या गुप्त महादेवला पण तसंच आहे, अंग तिरपं करून बाजूने सरकावं लागते, एका वेळेला मोजकेच लोक सोडतात. तिथे जास्त लोक घुसले तर काय होईल विचारच करवत नाही.

सालेकसा_मास्तर

जय सेवा. उशिरा वाचला धागा.

लोकेशनच्या चर्चेत आमची बाजू पण ऐका. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला मध्य भारतातून गोंड समाज तिथे येतो, लाखोंनी. आमच्यात सांगतात की काली कंकालीची ३३ लेकरं त्या गुफेत कोंडली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो माता यांनी ती सोडवली, हिरासुका पाटालीरच्या वाद्याच्या सुरांनी ते झालं. कोया पुनेमची, म्हणजे आमच्या गोंडी धर्माची सुरुवात आम्ही तिथून मानतो. म्हणजे आमच्यासाठी ते देवघर आहे.

आता व्हिडिओ बघा. "रहस्यमयी गुफा", "आत गेलेला परत येत नाही", थंबनेलवर कवटी. जोडे घालून आत, ड्रोन वर, पेनाच्या (म्हणजे आमच्या देवाच्या) खाली काय लिहिलंय ते वाचायची तसदी नाही. आमच्या कचारगडचं लोकेशन लपवायचा प्रश्नच नाही, सगळ्यांना माहीत आहे, या, जरूर या. मुद्दा वेगळा आहे. कोणाला विचारून शूट केलं? ज्यांची जागा आहे त्यांचा एक तरी माणूस व्हिडिओत बोलतो का? माझ्या शाळेतला एक मुलगा मला म्हणाला, सर आपल्या गुफेत भूत आहे असं यूट्यूबवर आहे. सहावीतला मुलगा. त्याच्या आजोबांनी त्याला लिंगोची गोष्ट सांगितली होती, पण मोबाईलवरचं त्याला जास्त खरं वाटलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

अंधारयात्री

मास्तर, जय सेवा. माझ्या जुन्या दोन व्हिडिओंच्या नावात "रहस्यमय" आहे. आज रात्री बदलतो. कवटी नाही टाकली कधी, पण तो शब्द टाकला आहे.

निवांत_धरमपेठ

मास्तरांची पोस्ट दोनदा वाचली. माझं थोडं बदललं मत, पूर्ण नाही. मास्तरच म्हणतात या, जरूर या. म्हणजे लोकांनी यावं, पण तिथल्या माणसांच्या हाताखाली यावं. कुटुमसरला तसंच आहे ना? कोणी गेलंय का?

बस्तर_वारी

गेलोय, दोन वर्षांपूर्वी, आईबाबा आणि पोरं घेऊन. जगदलपूरला मुक्काम, तिथून कांगेर घाटी नॅशनल पार्क. कुटुमसरला फाटकावर तिकीट, जंगल खात्याची व्यवस्था, आणि तिथल्याच गावातला गाइड सोबत घ्यावाच लागतो, त्याच्याशिवाय सोडत नाहीत. तोंड अरुंद, शिडीने खाली उतरायचं, आत चुनखडीचे खांब आणि झुंबरं. पावसाळ्यात आत पाणी भरते म्हणून बंद असते, आम्ही डिसेंबरमध्ये गेलो. आईला उतरताना धाप लागली, गाइड पोरगा तिचा हात धरून पायरीपायरीने घेऊन गेला, वर आल्यावर तिने त्याला घरची चकली दिली.

आत आंधळे मासे आहेत, पिढ्यानपिढ्या अंधारात राहून डोळे गेलेले. गाइडने पाण्यावर लाइट तिरपा धरून दाखवले, दोन सेकंद, मग बंद. पोरं म्हणत होती अजून दाखवा, तो म्हणाला नाही, त्यांना त्रास होतो. त्याने नाही म्हटलं म्हणून पोरांनी ऐकलं, मी म्हटलं असतं तर ऐकलं नसतं.

लोकेशन सगळ्या जगाला माहीत आहे, तरी गुफा टिकून आहे, कारण दारात माणूस आहे.

दगडधोंडे

बस्तर_वारी, उत्तम. पण दारात माणूस असूनही कधी बंद करावं लागतं हेही लक्षात ठेवा. फ्रान्समधली लास्को गुहा, आदिमानवाची चित्रं, १९४० साली सापडली. लोकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतीवर शेवाळ धरलं, १९६३ मध्ये लोकांसाठी कायमची बंद केली. मग शेजारी हुबेहूब प्रतिकृती बांधून ती १९८३ साली उघडली.

पाटणसावंगीकर

एक सुरक्षेचं राहून जातंय. मी नटी पुटीचे व्हिडिओ पाहून दोन रात्री झोपलो नाही. अमेरिकेत, युटामध्ये, २००९ साली एक तरुण त्या गुफेत उलटा अडकला, एका दिवसाहून जास्त वेळ प्रयत्न केले, नाही निघाला. शेवटी गुफाच कायमची बंद केली. त्यावर आता शेकडो व्हिडिओ आहेत, भयानक म्युझिक लावून. त्या माणसाला घर होतं, लेकरू होतं. मला ते बघवत नाही आता.

हलबीचौक

त्यापेक्षा थायलंडचं सांगा पोरांना. २०१८, थाम लुआंग गुफा. फुटबॉल टीमची १२ मुलं आणि कोच २३ जूनला आत गेले, पावसाने पाणी भरलं, २ जुलैला ब्रिटिश पाणबुड्यांना सापडले, १० जुलैपर्यंत सगळे बाहेर. समन कुनान नावाचा थाई पाणबुड्या मात्र हवेच्या टाक्या पोचवताना गेला. आणि पाणी उपसायला सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती! ऊस आणि विहिरीवरच्या मोटरपंपवाले किर्लोस्कर. हे वाचलं तेव्हा छाती फुगली होती.

मुद्दा काय, तर तेव्हा पण पाऊसच. डोंगरावर दूर कुठे पाऊस पडला तरी आत पाणी येऊ शकते. आपल्याकडे लोक जुलैत "मस्त हिरवंगार" म्हणून जातात.

अंधारयात्री

माझे नियम सांगतो. प्रत्येकाकडे तीन वेगवेगळे लाइट, मोबाईलचा धरून नाही. हेल्मेट. एक माणूस बाहेर, त्याला वेळ सांगून ठेवलेली, त्या वेळेला आलो नाही तर तो गावात जाऊन सांगणार. जून ते सप्टेंबर आत नाही. आत काहीही पेटवायचं नाही, मशाल नाही, अगरबत्ती पण नाही, कोंदट जागेत धूर जायला वाट नसते. हे सगळं मी पाळतो, पण खरं सांगायचं तर व्हिडिओत कधी दाखवलं नाही, कारण एडिटिंग करताना कंटाळवाणं वाटायचं म्हणून कापायचो. बघणाऱ्याला वाटलं असणार की चप्पल घालून मोबाईलचा टॉर्च घेऊन जाता येते. आणि तसेच आले ते.

मांडव_शूटर

हेच दाखवा भाऊ. लग्नात पण नवरदेवाच्या एंट्रीपेक्षा आदल्या रात्री बायका मिळून पापड-कुरड्या लावतात ते फुटेज लोक पुन्हा पुन्हा बघतात.

गोकुळपेठ_गिअर

हेडलॅम्प कुठून घेतला कोणी सांगेल का? बर्डीवर जे मिळतात ते दोन महिन्यांत पट्टा सैल होऊन नाकावर येतात.

अंधारयात्री

@गोकुळपेठ_गिअर, पट्टा धुण्यासाठी निघतो असा आणि सेल बदलता येतात असा बघा. आतच बसवलेल्या बॅटरीचा घेऊ नका, आत संपली की संपली.

विद्याताई_वाचते

चॅनेलवाल्यांना एक सरळ प्रश्न. यातून पैसे मिळतात का? मिळत असतील तर त्यातला वाटा त्या गावाला जातो का?

अंधारयात्री

ताई, शंभर डॉलर जमल्याशिवाय यूट्यूब पैसे सोडत नाही. मला आतापर्यंत एकदाच आले, या व्हिडिओमुळेच. गावाला काही दिलं नाही. मनातच आलं नाही. तुम्ही विचारलं म्हणून आलं.

विद्याताई_वाचते

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. आता आलंय मनात, तेवढं पुरे.

*(नऊ दिवसांनी)*

अंधारयात्री

मंडळी, अपडेट देतो. उशीर झाला.

व्हिडिओ ठेवलाय, पण वळण आणि रस्ता दाखवला तो भाग कापला, गावाची पाटी धूसर केली, पिन काढला. कमेंटमध्ये लोक एकमेकांना पत्ता सांगत होते, तर सेटिंगमध्ये जाऊन गावाचं नाव आणि त्याची आठदहा वेगवेगळी स्पेलिंगं ब्लॉक केली, आता तशी कमेंट दिसतच नाही. नकाशावर कोणीतरी वेगळी पिन टाकली होती, ती काढायला विनंती पाठवलीय, अजून निघाली नाही. "रहस्यमय" दोन्हीकडून काढलं.

काकूंनी सांगितलं तसं आजोबांकडे गेलो. त्यांनी मला सरपंचबाईंकडे नेलं. मी जे आले होते ते पैसे त्यांच्यासमोर ठेवले, त्यांनी लगेच घेतले नाहीत, म्हणाल्या ग्रामसभेत बोलू. मी म्हटलं व्हिडिओ पूर्ण काढू का? तर गावातली पोरंच नाही म्हणाली. त्यांचं म्हणणं, येऊ द्या लोक, पण आम्हाला विचारून येऊ द्या, आम्ही नेऊ, आम्ही पैसे घेऊ. आणि आजोबा म्हणाले की पावसाच्या आधी चमगादडं पिल्लं घेऊन असतात तेव्हा आम्ही लहानपणी आत जात नव्हतो, घरचे जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे ताईंनी लिहिलं ते त्यांना आधीपासून माहीत होतं! मी तीन वर्षं तिथं जाऊन राहिलो आणि त्यांना कधी काही विचारलं नाही, रस्त्याशिवाय.

तर ठरलं असं की होळीनंतर पाऊस संपेपर्यंत गुफा बंद, तोंडाशी गावाची पाटी लागेल. जंगल खात्याकडे अर्ज सरपंचबाई देणार आहेत, मी लिहून दिला. पुढचा व्हिडिओ आजोबांचा, ते बोलतील, मी फक्त कॅमेरा धरणार. लाइट मागून, शूटरभाऊ.

येत्या रविवारी कचरा काढायला जातोय. पेंटला हात लावणार नाही, दगडधोंडे काका स्वतः येऊन बघतो म्हणालेत.

निवांत_धरमपेठ

मी येतो. माझी गाडी सात सीटर आहे.

वटवाघूळ_वही

मीही. आत दोन-तीन जणच जाऊ, बाकीचे बाहेर. संध्याकाळी थांबायची तयारी ठेवा, सूर्य मावळल्यावर तोंडातून किती बाहेर पडतात ते मोजायचंय. दोघांनी मोजायचं, एक डावीकडून एक उजवीकडून, आणि बोलायचं नाही. तो आकडा लिहून ठेवू, पुढच्या वर्षी पुन्हा मोजू.

सक्करदऱ्याची_काकू

मला गुडघा चढू देणार नाही. पण डबा देते, किती जण आहात सांगा. पातोडीची भाजी आणि भाकरी.

अंधारयात्री

काकू आतापर्यंत नऊ. पहाटे साडेपाचला झिरो माइलपाशी भेटू. डबे स्टीलचे आणा, एकही प्लॅस्टिकची पिशवी नको, आणि जाड हातमोजे ज्यांच्याकडे असतील त्यांनी जास्तीचे घ्या, काचा आहेत.

हलबीचौक

दहा. पोती मी आणतो.